दुकानातील किंमत आणि मांडणी कशी वाचावी : घरखर्च नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी

घरखर्च पहिल्यांदाच हाती आला की काय घ्यायचे आणि किती घ्यायचे, याचा विचार आपण मन लावून करतो. मात्र त्या वस्तू कोणत्या क्रमाने आपल्या नजरेस पडणार आणि एखादी किंमत रास्त आहे की नाही हे आपण कोणत्या आकड्याशी ताडून ठरवणार, या दोन गोष्टी दुकानाने बऱ्याचदा आधीच ठरवून ठेवलेल्या असतात. मालाच्या मांडणीचे काम मी जवळून पाहिले आहे आणि घरची खरेदीही बरीच वर्षे सांभाळली आहे. त्यातून माझे एक ठाम मत झाले आहे : तुलनेचा आकडा आणि पाहण्याचा क्रम दुकानाकडून घेऊ नये, तो घरूनच सोबत न्यावा. ते कसे साधावे, हे पुढे टप्प्याटप्प्याने लिहीत आहे.

दुकानदाराने आपला माल आकर्षक रीतीने मांडण्यात गैर काहीच नाही, आणि पुढील बहुतेक युक्त्या कायद्याला धरूनच असतात. म्हणूनच त्यांच्यापासून कोणी आपले रक्षण करील अशी अपेक्षा न ठेवता त्या ओळखायला शिकणे अधिक उपयोगाचे ठरते.

सोबत काय असावे

• मागील दोन-तीन महिन्यांची बिले. जुने दर कळण्याचा याहून भरवशाचा मार्ग नाही.
• एक लहान वही, किंवा फोनमधील टिपण. नेहमी लागणाऱ्या पंधरा-वीस वस्तूंचे दर त्यात लिहून ठेवावेत. यापुढे तिला मी दरवही म्हणेन.
• प्रमाणासह लिहिलेली यादी. ‘कपडे धुण्याची पावडर’ एवढेच न लिहिता ‘कपडे धुण्याची पावडर, २ किलो’ असे लिहावे.
• आकडेमोडीसाठी फोन.
• वाचायला चष्मा लागत असल्यास तो. वजन आणि एकक किंमत (किलोला, लिटरला किंवा नगाला पडणारा दर) बहुधा सर्वांत बारीक अक्षरांत छापलेली असते.

१. निघण्यापूर्वी आपला तुलनेचा आकडा ठरवा

हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे. पुढचे सगळे टप्पे विसरलात आणि एवढाच पाळलात, तरी पुष्कळ फरक पडेल.

एखादी वस्तू महाग की स्वस्त, हे आपल्याला जात्याच कळत नाही. मनात आधी जो आकडा असतो त्याच्याशी ताडून आपण ते ठरवतो. एमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात याचा एक बोलका प्रयोग नोंदवला आहे. त्यांनी लोकांसमोर आकड्यांचे एक चक्र फिरवले आणि त्यानंतर संयुक्त राष्ट्रसंघातील सदस्यांपैकी आफ्रिकी देश किती टक्के असतील, असे विचारले. ज्यांच्यासमोर चक्र १० वर थांबले त्यांच्या अंदाजांचा मध्य २५ होता, तर ज्यांच्यासमोर ते ६५ वर थांबले त्यांचा ४५. चक्रावरील आकड्याचा प्रश्नाशी काडीचाही संबंध नव्हता आणि तरीही उत्तर त्याच्याकडे ओढले गेले. खोडलेली जुनी किंमत, शेजारी ठेवलेली महागडी वस्तू किंवा ‘प्रत्येकी फक्त ६ नग’ अशी पाटी यांपैकी प्रत्येक गोष्ट दुकानात त्या चक्राचेच काम करत असते.

यावर उपाय साधा आहे, पण तो घरी बसून करावा लागतो. जुनी बिले समोर घ्या आणि प्रत्येक नेहमीच्या वस्तूचा दर एकाच मापात लिहा : द्रव पदार्थाचा १०० मिलिलिटरला, घन पदार्थाचा किलोला, कागदी रुमालांचा किंवा साबणाच्या वड्यांचा नगाला. पाकिटाची किंमत लिहू नका, कारण पाकिटाचा आकार बदलत राहतो आणि मग तुमची नोंद निरुपयोगी होते. दरापुढे तारीख आणि दुकान लिहा. दोन-तीन महिन्यांत तुमच्याकडे असा आकडा तयार होतो, जो कोणत्याही पाटीने सहसा हलत नाही.

सावधगिरी : दरवहीत नाममुद्रेचे (ब्रँडचे) नाव लिहायला विसरू नका. एकाच प्रकारच्या दोन वस्तूंचे दर मिसळले की सरासरी फसवी निघते.

२. आत शिरल्यावर वाट कशी आखली आहे ते पाहा

पूर्वी ग्राहक काउंटरपलीकडे उभा राहून वस्तू मागत असे आणि दुकानातला माणूस ती काढून देत असे. क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी १९१६ मध्ये अमेरिकेतील मेम्फिस येथे पिगली विगली हे दुकान उघडले, तेव्हा ग्राहक स्वतः फळ्यांच्या रांगांमधून फिरून माल उचलू लागला. त्या दुकानात आत शिरल्यावर ठरावीक मार्गाने सगळ्या फळ्यांपुढून जावे लागे आणि मगच पैसे देण्याच्या जागी पोहोचता येई. सिल्व्हन गोल्डमन यांनी १९३७ मध्ये ओक्लाहोमा सिटीतील आपल्या दुकानांत चाकांची ढकलगाडी आणली आणि हाताला टोपली जड वाटली की खरेदी थांबवायची, ही नैसर्गिक मर्यादाही संपली. आजच्या दुकानाची रचना या दोन बदलांवर उभी आहे : ग्राहक जास्तीत जास्त माल पाहत चालला पाहिजे आणि चालताना त्याला ओझे जाणवता कामा नये.

म्हणून रोजच्या गरजेच्या वस्तू पुष्कळदा प्रवेशापासून दूर आणि एकमेकींपासून लांब ठेवलेल्या आढळतात. प्रवेशाजवळची मोकळी जागा, रांगांची टोके आणि पैसे देण्याच्या रांगेलगतची फळी या तीन जागा सर्वांत मोलाच्या मानल्या जातात. त्यांचा परिणाम केवढा असतो, हे इंग्लंडमधील एका नियमावरून लक्षात यावे. तेथे ऑक्टोबर २०२२ पासून मध्यम आणि मोठ्या दुकानांना जास्त चरबी, मीठ किंवा साखर असलेले ठरावीक पदार्थ नेमक्या याच जागी ठेवण्यास मनाई आहे. विक्रीवर बंदी घातलेली नाही. जागा तेवढी बदलायला लावली आहे.

तुम्ही काय करावे? यादी दुकानातील विभागांच्या क्रमाने लिहा आणि पहिल्या फेरीत फक्त यादीतलेच घ्या. थोड्या वस्तू असतील तर गाडी न घेता हातातली टोपली घ्या. रांगेच्या टोकाला रचलेला ढीग दिसला तर तो स्वस्त आहे असे गृहीत धरू नका. ढीग पाहून सवलतीची आठवण होते, परंतु त्यावर सवलत असेलच असे नाही. तीच वस्तू तिच्या नेहमीच्या फळीवर जाऊन, शेजारच्या पर्यायांसोबत पाहा आणि मग ठरवा.

३. नजरेच्या उंचीवरून मान खाली-वर करा

फळीवरील जागा पुष्कळदा विकत मिळते. आपला माल दुकानात ठेवला जावा, चांगल्या जागी ठेवला जावा, यासाठी अनेक उत्पादक मोठ्या दुकानसाखळ्यांना शुल्क देतात किंवा दरात सूट देतात. मोठ्या दुकानांतील फळ्यांवर केलेल्या आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, झेव्हिए द्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की वस्तूला किती रुंद जागा मिळाली यापेक्षा ती कोणत्या ठिकाणी आणि कोणत्या उंचीवर ठेवली, याचा विक्रीवर अधिक परिणाम होतो.

नजरेसमोरची वस्तू वाईट असते असे मुळीच नाही. ती तेथे का आहे याचे कारण मात्र गुणवत्ता असेलच असे नाही, एवढे ध्यानात ठेवावे. कोणतीही वस्तू उचलण्यापूर्वी सर्वांत खालची आणि सर्वांत वरची फळी एकदा पाहण्याची सवय लावा. दुकानाच्या स्वतःच्या नाममुद्रेचा किंवा मोठ्या मापाचा माल तेथे असण्याची शक्यता अधिक असते. मुलांना सोबत नेत असाल तर त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर काय मांडले आहे तेही पाहा, म्हणजे हट्ट कोठे सुरू होतो ते कळेल.

४. किंमत शेवटच्या अंकापर्यंत वाचा आणि वर न्या

नऊवर संपणाऱ्या किमती सगळ्यांनाच ठाऊक असतात, आणि ठाऊक असूनही त्या परिणाम करतात. आपण आकडा डावीकडून वाचतो आणि पहिल्या अंकावरच मत बनवून मोकळे होतो. मनोज थॉमस आणि विकी मॉरविट्झ यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात यातला बारकावा दाखवला आहे : २.९९ आणि ३.०० यांतील अंतर लोकांना प्रत्यक्षाहून मोठे वाटते, कारण डावा अंक बदलतो, ३.५९ आणि ३.६० यांत तो बदलत नाही, म्हणून तसे घडत नाही.

याहूनही विचार करायला लावणारा प्रयोग एरिक अँडरसन आणि डंकन सिमेस्टर यांचा, २००३ सालचा. टपालाने कपडे विकणाऱ्या एका अमेरिकी कंपनीच्या सूचिपत्रात त्यांनी एकाच पोशाखाच्या किमती वेगवेगळ्या ग्राहकांना वेगवेगळ्या छापल्या. ३४ डॉलर किंमत असताना जितकी मागणी आली, त्याहून ३९ डॉलर असताना अधिक आली. पाच डॉलर जास्त मागूनही माल अधिक खपला. मग नऊ हा अंक काय सांगत असावा? माझ्या मते तो ‘येथे काही कमी केले आहे’ असा इशारा देतो. त्याच संशोधकांना असेही दिसले की नवीन वस्तूंवर हा परिणाम जास्त होतो आणि सवलतीची पाटी आधीच लावलेली असेल तर तो कमी होतो. ज्या वस्तूची योग्य किंमत आपल्याला ठाऊक नसते, तिच्याबाबत आपण अशा इशाऱ्यांवर अधिक विसंबतो, असा याचा अर्थ मी घेतो. पहिल्या टप्प्यातील दरवही येथे पुन्हा उपयोगी पडते.

कृती अगदी छोटी आहे : ९९ दिसले की मनात १०० म्हणा, १,४९९ दिसले की १,५०० म्हणा, आणि बेरीज करताना हेच आकडे धरा.

५. तीन पर्याय दिसले की मधला झाकून पाहा

समजा, एक द्रव साबण तीन बाटल्यांत आहे. लहान बाटलीची किंमत १००, मधलीची १९० आणि मोठीची २००. मोठी बाटली मधलीपेक्षा जेमतेम दहाने महाग असल्यामुळे ती घेणे शहाणपणाचे वाटते. आता मधली बाटली तेथे नाही अशी कल्पना करा. १०० आणि २०० यांत निवड करायची असती, तर तुम्हाला महिन्याला लागतो किती, हा प्रश्न आधी आठवला असता. मधली बाटली विकली जावी अशी दुकानाची फारशी इच्छा नसते; तिच्यामुळे मोठीची किंमत वाजवी दिसते. जोएल ह्यूबर, जॉन पेन आणि क्रिस्टोफर पुटो यांनी १९८२ मध्ये हे दाखवून दिले की एखाद्या पर्यायापेक्षा उघडपणे कमी दर्जाचा असा आणखी एक पर्याय शेजारी ठेवला, तर पहिल्याची निवड वाढते.

याच्या उलट प्रकारही असतो. दोन वस्तूंच्या वर एक फार महागडी वस्तू ठेवली की पूर्वी महाग वाटणारी वस्तू मधली होते, आणि मधले घेणे सुरक्षित वाटते. इतामार सायमनसन आणि ट्वर्स्की यांनी टोके टाळण्याच्या या प्रवृत्तीचा अभ्यास केला आहे. विजेची उपकरणे, फोन, निरनिराळ्या सेवांच्या वर्गण्या यांत तीन पायऱ्यांची मांडणी फार आढळते. उपाय दोन्ही वेळी एकच : एकेक पर्याय हाताने किंवा मनाने झाका आणि उरलेल्या दोघांतून आपण काय घेतले असते ते पाहा. उत्तर दर वेळी बदलत असेल, तर निवड तुमच्या गरजेतून होत नसून मांडणीतून होत आहे.

६. एकक किंमत स्वतः काढा

मोठे पाकीट स्वस्त पडते हा समज बऱ्याचदा खरा असतो, आणि म्हणूनच जेथे तो खरा नसतो तेथे तो महागात पडतो. ७५० मिलिलिटरची बाटली १८० ला आणि १ लिटरची २५० ला असेल, तर पहिलीचा दर १०० मिलिलिटरला २४ आणि दुसरीचा २५ पडतो. चलन कोणतेही असो, हिशेब हाच.

युरोपीय संघात १९९८ च्या निर्देशानुसार किमतीसोबत एकक किंमत दाखवणे सर्वसाधारणपणे बंधनकारक आहे. इतर अनेक देशांतही असे नियम आहेत. तरीही ती वाचताना एक सापळा असतो : शेजारच्या दोन वस्तूंपैकी एकीची एकक किंमत १०० ग्रॅमला आणि दुसरीची किलोला दिलेली असू शकते, किंवा एकीची वजनावर आणि दुसरीची नगावर. एकके सारखी करून मगच तुलना करा.

सवलतींचेही रूपांतर याच पद्धतीने करावे. नेहमी गोंधळ होतो ते प्रकार असे :

• ‘२० टक्के जादा माल मोफत’ म्हणजे दरात २० टक्के घट नव्हे. दर सुमारे १६.७ टक्क्यांनी कमी होतो.
• ‘५० टक्के सवलत आणि त्यावर आणखी २० टक्के’ म्हणजे ७० टक्के नव्हे, ६० टक्के.
• ‘दोन घ्या, एक मोफत’ म्हणजे फार तर ३३ टक्के सवलत, आणि तीही तिन्ही नग वाया न जाता वापरले गेले तरच.

पाकिटावरील किंमत तीच ठेवून आतील माल कमी करण्याची पद्धतही आता सर्वत्र दिसते. २०० ग्रॅमचे पाकीट १८० ग्रॅमचे झाले तर माल १० टक्के घटतो, परंतु तुमचा दर ११ टक्क्यांनी वाढतो. फ्रान्समध्ये १ जुलै २०२४ पासून मोठ्या दुकानांना अशा मालाजवळ तशी सूचना लावावी लागते. जेथे असा नियम नाही तेथे पाकिटाचा नवा रंग, ‘नवे रूप’ अशी छपाई किंवा तळाशी आलेला खोलगट भाग दिसला की वजन वाचावे आणि दरवहीतील नोंदीशी ताडावे.

७. खोडलेल्या किमतीकडे संशयाने पाहा

खोडलेला आकडा खरोखर कधी आकारला गेला होता का, हे ग्राहकाला सहसा कळत नाही. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशात यासाठी नियम केला : सवलत जाहीर करताना आधीची किंमत म्हणून, साधारणतः, मागील ३० दिवसांतील सर्वांत कमी किंमत दाखवायची. हा मापदंड तुम्ही स्वतःपुरता कोठेही वापरू शकता. दरवहीतील सर्वांत कमी नोंद हीच तुमची आधीची किंमत माना आणि सवलत तिच्यावर मोजा.

सवलतीची ओढ किती खोल असते, याचे एक उदाहरण येथे द्यावेसे वाटते. अमेरिकेतील जेसी पेनी या दुकानसाखळीने २०१२ मध्ये कूपने आणि सततच्या सवलती जवळजवळ बंद करून रोजच कमी, सरळ किंमत ठेवण्याचे धोरण स्वीकारले. त्या आर्थिक वर्षात तिची विक्री सुमारे २५ टक्क्यांनी घसरली आणि हे धोरण आणणारे प्रमुख रॉन जॉन्सन यांना एप्रिल २०१३ मध्ये पद सोडावे लागले. घसरणीची इतर कारणेही होती. तथापि वाचवल्याचे समाधान ग्राहकांना किती हवेसे असते, ते यातून स्पष्ट दिसते. मला या घटनेचे वाईट वाटते, कारण सरळ किंमत सांगणाऱ्या दुकानाला आपण ग्राहकांनीच साथ दिली नाही, तर फुगवून खोडलेल्या किमती छापणे कोणी का थांबवावे?

८. पैसे देण्याच्या रांगेत

रांगेत उभे असताना गाडीतील माल एकदा यादीशी ताडून पाहा आणि यादीबाहेरच्या वस्तू वेगळ्या करा. त्यांतील जी वस्तू तुम्ही गरज आठवली म्हणून घेतली असेल ती ठेवा; जी केवळ दिसली म्हणून घेतली ती परत द्या. परत देण्यात संकोच वाटण्याचे काहीच कारण नाही.

पैसे कसे देता यालाही महत्त्व आहे. ड्रेझन प्रेलेक आणि सिमेस्टर यांच्या २००१ मधील अभ्यासात एका सामन्याच्या तिकिटांसाठी बोली लावताना, क्रेडिट कार्डाने पैसे देणाऱ्यांची सरासरी बोली रोख देणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक होती. कार्ड वापरू नका असे मी म्हणणार नाही. महिन्याच्या खरेदीची रक्कम आधी ठरवून फोनवर चालती बेरीज ठेवली, तरी पुष्कळ आवर बसतो.

९. ऑनलाइन खरेदीत हेच टप्पे वेगळ्या रूपात येतात

पडद्यावर नजरेची उंची म्हणजे शोधानंतर येणारे पहिले काही निकाल, आणि त्यांतले काही जाहिरातीचे पैसे देऊन तेथे आलेले असतात. ‘प्रायोजित’ हा शब्द फिक्या, लहान अक्षरांत असतो, तो शोधा. त्यानंतर निकाल किमतीच्या चढत्या क्रमाने लावा आणि मग एकक किंमत काढा.

येथील सर्वांत मोठा सापळा मात्र टप्प्याटप्प्याने वाढणाऱ्या किमतीचा आहे. तिकिटे विकणाऱ्या एका मोठ्या अमेरिकी संकेतस्थळावर केलेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, शुल्क अगदी शेवटी दाखवले तेव्हा ग्राहकांनी, ते सुरुवातीलाच दाखवले असता जितका खर्च केला असता त्यापेक्षा, सुमारे २१ टक्के अधिक खर्च केला. निवड, आसन, नाव-पत्ता असे सगळे भरून झाल्यावर माघार घेणे जड जाते. त्यामुळे दोन ठिकाणांची तुलना करायची असेल तर दोन्हीकडे शेवटच्या पानापर्यंत जा, घरपोच शुल्कासह पूर्ण रक्कम लिहून घ्या आणि मगच निवड करा. आपोआप टिचकी मारून ठेवलेले विमा, देणगी किंवा वर्गणीचे चौकोन याच पानावर असतात. ते एकेक वाचून काढून टाका. उलटे धावणारे घड्याळ दिसले, तर पान बंद करून थोड्या वेळाने पुन्हा उघडा. बऱ्याच ठिकाणी घड्याळ नव्याने सुरू झालेले आढळते.

१०. घरी आल्यावर बिल वाचा

बिल त्याच दिवशी वाचा. फळीवरील किंमत आणि बिलातील किंमत यांत फरक असेल तर तो लगेच दाखवता येतो. आठवड्याने पाटी बदललेली असते. यासाठी मोठ्या खरेदीच्या वेळी सवलतीच्या पाटीचे छायाचित्र काढून ठेवावे. त्यानंतर दरवहीत नवे दर लिहा आणि यादीत नसताना आलेल्या वस्तूंपुढे ती कोठून उचलली एवढेच नोंदवा : प्रवेशाजवळून, रांगेच्या टोकावरून, काउंटरलगत, की ‘सोबत हेही घ्या’ या सूचनेवरून. काही महिन्यांनी या नोंदी एकत्र पाहिल्या की तुमच्यावर कोणत्या जागेचा प्रभाव सर्वाधिक पडतो ते दिसेल. पुढच्या खेपेला तेवढ्या जागी पोहोचल्यावर यादी हातात धरा. बाकीच्या दुकानात निवांत फिरायला हरकत नाही.